स्लॅबच्या दिवशीची पंगत

अंजनाबाईंच्या बैठकीचं छत गळत होतं, पण कसंही, कुठूनही गळत नव्हतं. स्वयंपाकघराचं दार आणि समोरची खिडकी यांच्या मधे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओलीची एक सरळ रेघ होती, सुतारानं दोरी मारून आखावी तशी. झड लागली की त्या रेघेवर थेंब धरायचे आणि सावकाश खाली यायचे. त्यांचे यजमान देवाजी रेघेखाली पातेली, गंज, बादली, जे मिळेल ते ओळीनं मांडायचे आणि म्हणायचे, "पाह्य वं, पंगत बसली आपल्या घरी."

अंजनाबाई हसायच्या नाहीत. हे घर हसण्यावारी नेण्यासाठी बांधलेलं नव्हतं.

अंजना नंदागवळी या सडक अर्जुनी तालुक्यात नर्स होत्या. उपकेंद्राच्या दोन खोल्या, मग भाड्याच्या खोल्या, मग पुन्हा दुसऱ्या उपकेंद्राच्या खोल्या, असा त्यांचा जन्म गेला. देवाजी एसटीत कंडक्टर. ते घरात पाहुण्यासारखेच असायचे. निवृत्तीनंतर हायवेपासून आत, जिथे ट्रकांचा आवाज येतो पण धूळ येत नाही अशा जागी त्यांनी प्लॉट घेतला. मुलगी रचना नागपूरला बँकेत. ती म्हणाली, इकडे फ्लॅट घ्या. अंजनाबाई म्हणाल्या, "जिथं जिंदगीभर दुसऱ्यांच्या घरी गेली, तिथंच मले माझं घर पाह्यजे."

या बोलण्यामागे एक जुनं दुखणं होतं. बाळंतपणाला बोलावणं आलं की नर्सबाई जायच्या. मूल सगळ्यांत आधी त्यांच्या हातात यायचं, आईच्याही आधी. त्यानंतरचा चहा मात्र अंगणात मिळायचा, वेगळ्या कपात. तो कप विसळून कुठे पालथा घालायचा हे त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. पुढे दिवस बदलले. कप एकच झाले, खुर्ची आली, लोक 'मॅडम' म्हणू लागले. पण तेच लोक अंजनाबाईंकडे आले की दारातच सांगायचे, "नाही जी, आत्ताच घेऊन आलो." चहा आत्ताच घेतलेला असायचा. जेवण आत्ताच झालेलं असायचं. कोणी वाईट बोलत नव्हतं. फक्त त्यांच्या दारी येणाऱ्या माणसाला कधी भूकच नसायची.

घराचं काम श्यामलाल कटरे या ठेकेदाराला दिलं. जातीनं पोवार, बोलायला कमी, कामाला चोख. त्याचा मोठा मुलगा विक्की अंजनाबाईंच्याच हातावर झालेला. त्या वेळी श्यामलालच्या आईनं, धुरपताबाईनं, अंगणात ठेवलेला कप अंजनाबाईंना अजून आठवत होता. पांढरा, निळ्या फुलांचा, चांगला होता. फक्त घरातल्या इतर कपांसारखा नव्हता.

स्लॅब टाकला मे महिन्यात. आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी घरमालकानं मजुरांना जेवू घालायची रीत आहे. पाया खणला की पेढे, चौकट बसली की चहा-चिवडा, आणि स्लॅब पडला की जेवण. सकाळी अंजनाबाईंनी मेणबत्ती लावली, बुद्धवंदना झाली. मुख्य मिस्त्री बकाराम हातात नारळ घेऊन उभा होता.

"बाई, हा कुठं फोडू?"

"कुठंच नाही. आमच्यात नाही फोडत."

"मंग स्लॅबाले चारायचं काय?"

"स्लॅबाले नाही, तुमाले चारते. मटन आहे, चिन्नोरचा भात आहे, खीर आहे. तुमचा नारळ भाजीत टाकते, आन इकडं."

सगळे हसले. बकारामही हसला, पण थोड्या वेळानं. नारळ खरंच रश्श्यात गेला.

काम सुरू झालं. मिक्सर घरघरत होता, लिफ्ट वर-खाली जात होती, बाया घमेली झेलत होत्या. स्वयंपाकघराच्या बाजूनं सुरुवात करून माल खिडकीकडे सरकत होता. दुपारी मांडवाखाली सतरंज्या पडल्या, पत्रावळी मांडल्या गेल्या. अंजनाबाई शिडीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ठेकेदार, चला. सगळ्याईले आना."

श्यामलाल वरून म्हणाला, "बाई, स्लॅब थांबत नसते. पाळीपाळीनं येतेत ना मानसं. चार खाली, बाकीचे वर."

ही गोष्ट अंजनाबाईंना माहीत होती. दुसऱ्यांच्या स्लॅबला त्यांनी पाहिलं होतं: माणसं येतात, उभ्या उभ्या चार घास खातात, तोंड पुसत वर जातात. पण त्यांना तसं नको होतं. त्यांना एक ओळ हवी होती. बसलेली, ऐसपैस, गरम भाताची वाट पाहणारी.

"पाळीपाळीनं कायले?" त्या म्हणाल्या. आणि मग, आवाज न चढवता, "का माझ्या घरी बसून नाही जेवनार तुमी?"

श्यामलालनं अर्ध्या ओल्या स्लॅबकडे पाहिलं. मग शिडीपाशी उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं. बकाराम त्याच्याकडे पाहत होता, खालच्या बाया पाहत होत्या. श्यामलालनं हात वर केला.

"मिक्सर बंद कर रे."

मिक्सर थांबल्यावर जी शांतता झाली ती अंजनाबाईंच्या मनात पुढे बरेच दिवस राहिली. सगळे बसले. ओळीत पहिला श्यामलाल. अंजनाबाईंनी स्वतः वाढलं, नको नको म्हणणाऱ्यांच्या पानात वाढलं, खीर दोनदा फिरवली. देवाजी तिकिटं फाडावीत तसे पापड वाटत फिरले. जेवणं निवांत झाली. मेचं ऊन वर स्लॅबवर होतं, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

पावसाळ्यात रेघ उमटली.

श्यामलाल आला, वर काहीतरी केमिकल भरून गेला. रेघ राहिली. पुन्हा आला, पुन्हा भरलं. तेवढ्यात पानठेल्यावर बकाराम बोलल्याचं अंजनाबाईंच्या कानावर आलं: नारळ नाही फोडला म्हणून गळते. त्यांच्या अंगाची आग झाली. हार्डवेअरच्या दुकानात श्यामलाल सळाखींचा भाव करत उभा होता, तिथे त्या तशाच गेल्या. चार गिऱ्हाइकं होती.

"नारळानं नाही गळत, ठेकेदार. सिमेंट खाल्लं तुमी माझ्या घराचं. म्हनून गळते."

श्यामलालच्या हातातली सळाख खाली टेकली. तो म्हणाला, "बाई, काई म्हना. पन सिमेंट खाल्लं, असं नका म्हनू."

"मंग काय म्हनू?"

तो दुकानाबाहेर पडला. त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही.

रचनानं गोंदियाचे वकील शोधून दिले, वीरेंद्र नावाचे. ग्राहक आयोगात तक्रार गेली: सिमेंट कमी, रेती मातकट, काम निकृष्ट. श्यामलालचं उत्तर आलं: काम योग्य, घरमालकिणीनं स्लॅबला पाणी मारलं नाही, तराई केली नाही. ते वाचून अंजनाबाई हातातली चहाची कपबशी तशीच धरून बसून राहिल्या. सकाळ-संध्याकाळ पदर खोचून, पाइप धरून त्या स्वतः छतावर उभ्या राहिल्या होत्या.

मग तारखा सुरू झाल्या. हायवेवरच्या कोहमाऱ्याहून गोरेगावमार्गे गोंदियाची बस. एका तारखेला त्याच बसमध्ये श्यामलाल चढला. गाडी भरलेली, तो दांडा धरून उभा. अंजनाबाईंनी खिडकीबाहेर तोंड केलं. देवाजींना मात्र जन्मभराची सवय.

"ओ कटरे, या इकडं. अंजना, सरक जरा."

"मी नाही सरकत."

"कोर्टात भांडा, गाडीत सरका. माझ्या गाडीत मी कोनाले उभं नाही राहू देल्लं."

"ही तुमची गाडी व्हय का आता?"

पण त्या सरकल्या. तिघं एका बाकावर बसून एकमेकांविरुद्ध भांडायला गोंदियाला गेले. गोरेगावला देवाजींनी गरम भजी घेतली. पुडा श्यामलालपुढे धरला. त्यानं एक उचललं, खाल्लं. अंजनाबाईंनी ते न पाहिल्यासारखं पाहिलं.

आयोगानं पाहणीसाठी एक इंजिनिअर नेमला. तो दिवाळीनंतर आला. दोन्ही पक्ष हजर हवेत म्हणून श्यामलालही आला, जिन्याजवळ चप्पल काढून उभा राहिला. इंजिनिअरनं छतावर पाणी साठवलं, एका यंत्रानं ठिकठिकाणी ठोकून पाहिलं, खाली येऊन रेघ पाहिली. अंजनाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा तो वहीत लिहीत होता.

"माल चांगला आहे," तो म्हणाला. "सिमेंट कमी नाही. तराईही झालेली दिसते. दोष फक्त या रेघेत आहे. इथं आधीचा माल घट्ट झाल्यावर पुढचा पडलाय. दोघं एकजीव झाले नाहीत. मेमध्ये तर लवकर आळतो माल. काम मध्येच थांबलं होतं का?"

अंजनाबाईंना तो थांबलेला मिक्सर आठवला. ती शांतता आठवली. सकाळपासून दुपारपर्यंत माल कुठवर आला असेल याचा अंदाज त्यांनी वर पाहून घेतला. रेघ बरोबर तिथेच होती.

इंजिनिअर श्यामलालकडे पाहत होता. श्यामलाल दाराबाहेर पाहत म्हणाला, "मिक्सर बंद पडला होता, साहेब."

"दुसरा का नाही आणला?"

"चुकलं."

इंजिनिअरनं ते लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेला. श्यामलालनंही उभ्या उभ्या चहा घेतला. कप नळावर विसळू लागला तेव्हा अंजनाबाई खेकसल्या, "ठेवा तो. ठेवा म्हनते ना!"

दुपारी देवाजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले.

"मिक्सर कधी बंद पडला होता वं?"

"नाही पडला."

"मंग तो खोटं कायले बोलून राहिला? सांगाचं होतं ना, बाईनं थांबवलं म्हनून. केस तिथंच संपली असती."

"मले काय इचारता."

"खाल्ल्या अन्नाचं नाव कोर्टात कसा घेन बिचारा," देवाजी म्हणाले.

"इतकं सोपं नाही ते." अंजनाबाई भांडी घासत होत्या, त्यांनी मान वळवली नाही. "त्यानं सांगतलं तर साहेब इचारन, तू ठेकेदार, तू नाही काऊन म्हटलं नाही? मंग त्याले सांगा लागन, नाही म्हटलं असतं तर बाई म्हनली असती की पोवार आमच्या घरी जेवत नाही. भेला तो."

"तू म्हनली असती का तसं?"

अंजनाबाईंनी घासलेलं पातेलं पालथं घातलं.

"म्हनली असती. गावभर म्हनली असती."

देवाजी उठले, अंगणात गेले. अंजनाबाईंना आता छताच्या रेघेपेक्षा दुसरीच गोष्ट बोचायला लागली. सबंध आयुष्यात एकदा त्यांच्या दारी माणसांची पूर्ण ओळ जेवायला बसली होती. ती भुकेनं बसली होती, की त्यांच्या त्या एका वाक्याच्या भेवानं? श्यामलालनं खीर दुसऱ्यांदा घेतली, ती कशानं?

वीरेंद्र वकील खूश होते. गोंदियाच्या वकिलांच्या भाषेत म्हणाले, "मॅडम, केस जीत गये समझो. मशीन त्याची, जिम्मेदारी त्याची. पूरा स्लॅब का खर्चा मिलेगा."

"वकीलसाहेब, मिक्सर बंद पडला नव्हता."

वकिलांनी पेन टेबलावर ठेवलं. "ये बात आपने मुझे नहीं बताई. मी ऐकली नाही. तुम्ही घरी जा, आराम करा."

रचना फोनवर वैतागली. "आई, ठेकेदार तो आहे. काम थांबलं की काय होतं हे त्याला माहीत होतं, तुला नव्हतं. त्यानं नाही म्हणायला पाहिजे होतं. तू कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते?"

"तू म्हनते ते बरोबर आहे."

"मग?"

"मी तसं इचारलं नसतं, त तो नाही म्हटला असता. मी त्याले नाही म्हनाची जागाच नाही ठेवली, बाई."

पुढच्या तारखेला आयोगाच्या अध्यक्षबाईंनी अहवाल वाचला, ठेकेदाराचं म्हणणं वाचलं आणि नेहमीचं विचारलं, तक्रारदाराला काही सांगायचं आहे का. वीरेंद्र वकील 'नाही' म्हणायला उठले. त्यांच्या मागून अंजनाबाई उठल्या. लसीकरणाच्या सभेत बोलावं तसं त्या मोठ्यानं म्हणाल्या.

"मॅडम, मिक्सर बंद पडला नव्हता. मी बंद करायला लावला. सगळ्यांना एकत्र जेवायला बसवायचं होतं म्हणून."

वकिलांनी कपाळावर हात नेला आणि केस सारखे करत असल्यासारखं केलं.

"आणि यांनी ऐकलं?" अध्यक्षबाईंनी श्यामलालकडे पाहिलं. "काम थांबवू नये हे यांना माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. त्यांनी तसं सांगितलंही. पण मी असं विचारलं की त्यांना नाही म्हणता येईना."

"काय विचारलं?"

अंजनाबाईंनी सांगितलं. शब्द तेच, बोली तीच. श्यामलाल आपल्या पायांकडे पाहत होता. अध्यक्षबाईंनी नंदागवळी हे नाव पुन्हा एकदा कागदावर पाहिलं, कटरे हे नाव पाहिलं आणि त्यांना जे समजायचं ते समजलं.

"तुम्ही दोघं बाहेर बसून बोलून या," त्या म्हणाल्या. "वकिलांशिवाय."

बाहेर बाकावर एका टोकाला अंजनाबाई, दुसऱ्या टोकाला श्यामलाल. मधे देवाजींची पिशवी.

"कायले सांगतलं जी?" श्यामलाल म्हणाला. "मी निपटवलं असतं."

"खोटं बोलून?"

"खोटं कायचं? मिक्सर बंदच होता ना."

अंजनाबाईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. "अन् तराई नाही केली म्हनून लिहून देल्लं, ते?"

"ते वकिलानं लिवलं. मी सही केली." मग तो म्हणाला, "तुमी रोज पानी मारत होत्या. मी जाता-येता पाहो."

"मी सिमेंटाचं बोलली, ते वापस घेते."

"बोलल्या बाजारात, वापस घेता गोंदियात. इथं कोन आयकते?"

सामान अंजनाबाईंचं, मजुरी श्यामलालची, रेघ फोडून भरायची आणि वरून पूर्ण छताला नवा थर घालायचा, असं ठरलं. तक्रार मागे घेतली गेली. वीरेंद्र वकिलांनी अंजनाबाईंना नमस्कार केला, तो जरा जास्तच वाकून. आणि त्याच आठवड्यात अंजनाबाई हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. चाळणी घ्यायची होती. गल्ल्यापुढे गिऱ्हाइकं जमेपर्यंत त्या चाळण्या उलटसुलट करत राहिल्या. मग मालकाला मोठ्यानं म्हणाल्या, "कटरे ठेकेदारानं माझ्या घराचं सिमेंट नाही खाल्लं. माल चांगला आहे. सरकारी इंजिनिअर म्हनला. मी चुकीचं बोलली होती."

दुकानदार म्हणाला, "बरं, चाळणी कोणती देऊ?"

थंडी ओसरता ओसरता काम निघालं. त्या दिवशी अंजनाबाईंनी सकाळपासून चूल पेटवली नाही. गॅसकडेही गेल्या नाहीत. मजूर आपापले डबे घेऊन आले होते. बकारामनं छतावर चढताना इकडेतिकडे पाहिलं, पण नारळाचं काही बोलला नाही. दुपारी माणसं पाळीपाळीनं खाली आली, आंब्याखाली डबे उघडले, पाणी मागितलं, वर गेली. मिक्सर एकदाही थांबला नाही.

"चहा तरी टाक," देवाजी म्हणाले.

"काम होऊ द्या."

"मी का स्लॅब व्हय का? मले त दे."

"तुमी पन मंग."

ऊन उतरलं तेव्हा थर पूर्ण झाला, ओली पोती अंथरली गेली. मजूर पिकअपमध्ये बसले. श्यामलालनं बकारामला काहीतरी सांगितलं आणि पिकअप त्याला न घेताच गेली. तो नळावर हातपाय धुऊन पायरीवर येऊन बसला. अंजनाबाई दारात उभ्या होत्या. श्यामलालची मोटरसायकल तिथेच उभी होती, पण तो तिच्याकडे जाईना.

"काई राह्यलं का?" अंजनाबाईंनी विचारलं.

श्यामलालनं कपाळ पुसलं. "आज काई लावलं नाही का जी?"

"काय लावायचं?"

"भात."

"तुमीच म्हटलं होतं, स्लॅब थांबत नसते."

"झाला ना आता. आता कोनाले थांबायचं आहे?" मग त्यानं रस्त्याकडे पाहत म्हटलं, "सकाळचं डब्यातलं खाल्लं, आता भूक लागून राहिली."

"कायचीच तयारी नाही. येळ लागन."

"लागू द्या. मी बसतो."

अंजनाबाई आत गेल्या. पिंपातून चिन्नोर काढला, सुपात घेतला. तीन माणसांचा घेतला आणि वर एक मूठ टाकली. तांदूळ धुताना त्यांचा हात नेहमीपेक्षा हळू चालत होता. बाहेर देवाजी श्यामलालला सांगत होते की गोरेगावची भजी आता पहिल्यासारखी राहिली नाहीत. श्यामलाल म्हणत होता, तेल बदलत नाहीत ते. आधण आलं. अंजनाबाईंनी तांदूळ सोडला, झाकण अर्धं ठेवलं आणि लाखोरीच्या डाळीला फोडणी द्यायला लसूण सोलायला घेतला.

स्लॅबच्या दिवशी तो भुकेनं बसला होता की भेवानं, हा मनातला प्रश्न त्यांनी त्याला विचारला नाही. भात शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. तो बसून होता.